नोकरीतलं की रक्तातलं

छत्रपती संभाजीनगर
९ जुलै २०२३

प्रिय रामेश्वर काका,

नमस्कार. मी सायली. अक्षर ओळखलं नसेलच, कारण मी तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहितेय. खरं तर मराठीत पत्रच पहिल्यांदा लिहितेय. आमच्या शाळेत सुट्टीचा अर्ज लिहायला शिकवला, तोही इंग्लिशमध्ये. 'तीर्थरूप' लिहायचं की 'तीर्थस्वरूप' यावरून पप्पा आणि मम्मीचं भांडण झालं, म्हणून मी 'प्रिय' वर थांबले. चुकलं असेल तर सांगा.

मुद्द्यावर येते. मे महिन्यात मी चकलांब्याला आले होते तेव्हा धनश्रीने मला तुमची फाईल दाखवली. तिला रागवू नका, मीच मागे लागले होते. एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे म्हटल्यावर घरातला प्रत्येक कागद आपल्याला दिसलाच पाहिजे असं मला वाटायला लागलंय. त्यात ते नकाराचं पत्र होतं. आर्मीच्या मेडिकल बोर्डाने तुम्हाला फिट्सच्या आजारामुळे घरी पाठवलं, आणि वर लिहिलं की हा आजार सर्व्हिसमुळे झालेला नाही, सर्व्हिसमुळे वाढलेलाही नाही, तो तुमच्या शरीराच्या ठेवणीतच होता. म्हणून डिसेबिलिटी पेन्शन नाही.

काका, मला इतका राग आला! सोळा वर्षं नोकरी केली तुम्ही. भरतीच्या वेळी यांच्याच डॉक्टरने तपासून घेतलं ना? तेव्हा ही ठेवण कुठे गेली होती?

मी ज्या वकील मॅडमकडे इंटर्नशिप करते, त्या माजी सैनिकांची हीच कामं करतात. मी त्यांना तुमची केस सांगितली. त्या म्हणाल्या, पहिलं अपील फेटाळल्यावर गप्प बसले ही चूक झाली, पण ट्रिब्युनलमध्ये अजून जाता येतं. उशिराची माफी मागायची. केस एकदम स्ट्राँग आहे, काका!

फोन केला की तुम्ही 'हां हां' करता आणि काकूंना देता. म्हणून पत्र. तुम्ही फक्त हो म्हणा. बाकी सगळं मी करते.

तुमची,
सायली


चकलांबा, ता. गेवराई
२० जुलै २०२३

चि. सायलीस रामेश्वरचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमननं हातात दिलं तवा वाटलं बटालियनचं हाय का काय. बारा वर्षं झाली कुणी मला पत्र धाडून. 'प्रिय' चालतंय. फौजेत आमी कंपनी कमांडरच्या बायकोला सोडून सगळ्यांनाच प्रिय लिहायचो.

फोनवर मी बोलत न्हाई, त्याचं कारण हाय. घरात फोन आला की तुझी काकू स्पीकर लावती. शेजारची छबुबाई भिंतीपलीकडून 'कोण हाय गं?' म्हणती. असल्या गोष्टी स्पीकरवर बोलायच्या न्हाईत.

बाई, तू पोरगी हुशार हायेस. पण ते राहू दे. मला साधी पेन्शन हाय, दहा एकर हाय, विहिरीला पाणी हाय. पैशासाठी माझं काई अडलं न्हाई.

तुला एक माहीत नसंल. गावाला मी काय सांगितलंय? गुडघा. उजवा. बर्फात घसरलो, वाटी सरकली, म्हून फौजेनं घरी धाडलं. फिटचं ठाऊक हाय ते तुझ्या काकूला, धनश्रीला आन् तुझ्या बापाला. रोज सकाळ-संध्याकाळ गोळी खातो, दोन-दोन वर्षं काई होत न्हाई. झालं तर घरातल्या घरात. आन् गावात शिरलो की मी लंगडतो. रानात एकटा असलो की नीट चालतो. पाटाच्या पुलापसून लंगडायला सुरू. एकदा ध्यानात न राहून डावा पाय लंगडवला, तर मुंजाजी हाटेलवाला म्हणला, 'राम्या, रोग बदली झाला व्हय बे?' दोन दिस झोप न्हाई लागली.

हसू नको. आपल्याकडं फेफरं आलं माणसाला की लोक नाकाला चप्पल लावत्यात. मी सोळा वर्षं बुटाला पालिश करून परेडला उभा राहिलेला माणूस. माझ्या नाकाला कुणाच्यातरी चिखलाची चप्पल, आन् भवती सगळं गाव. ते मला नगं.

आन् धनश्रीची सोयरीक चालू हाय. दिंद्रुडचे हरिबा म्हणून हायत, त्यांचा पोरगा हनुमान, शाळेत मास्तर. बघून गेले, पोरगी पसंत हाय. अशा टायमाला हे उकरायचं कावून?

पण एक विचारतो. तुझं ते अपील जिंकलं, तर कागदावर काय लिहून येतं? हे नोकरीत लागलं, रक्तातलं न्हाई, असं सरकार लिहून देतं का? पैसे नकोत. तेवढं एक वाक्य मिळतं का, ते कळव.

तुझा काका,
रामेश्वर


छत्रपती संभाजीनगर
२८ जुलै २०२३

प्रिय काका,

हो! हो! हो! तेच तर आहे सगळी केस! तुम्ही वकील का नाही झालात?

ट्रिब्युनलसमोर प्रश्न एवढाच असतो की आजार सर्व्हिसमुळे झाला की नाही. भरतीच्या वेळी तुमच्या कागदावर कुठलाच आजार लिहिलेला नसेल, तर कायदा धरून चालतो की माणूस ठणठणीत आत गेला आणि जे झालं ते आतच झालं. उलटं सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. म्हणजे जिंकलो की तुमचं वाक्य मिळणारच. नोकरीतलं, रक्तातलं नाही. मी ते मराठीत टाईप करून लॅमिनेट करून देईन!

लंगडण्याचं वाचून मी हसले नाही. थोडंसं हसले, पण नंतर वाईट वाटलं.

आता मला पहिल्या फिटबद्दल सगळं लिहून पाठवा. कुठे, कधी, बरोबर कोण होतं. लाजू नका, माझ्याशिवाय आणि मॅडमशिवाय कोणी वाचणार नाही. आणि मी पोळ्याला येतेय! वकालतनाम्यावर सही घेते आणि पुरणपोळी खाते.

तुमची,
सायली


चकलांबा
१६ ऑगस्ट २०२३

चि. सायलीस आशीर्वाद.

काल शाळेत झेंडावंदन झालं. दरवर्षीसारखी मला खुर्ची दिली. म्हातारे-कोतारे उनात उभे आन् मी खुर्चीत, पाय लांब करून. सुंदर दिसत आसंल. असो.

तू विचारलंस ते लिहितो. २००९ साल. उत्तरेकडची बर्फातली पोस्ट. वादळ लागलेलं, बदलीची तुकडी वर येईना. होतो तेवढेच जण पाळीपाळीनं जागायचो, नंतर पाळी बी राहिली न्हाई, सगळेच जागे. झोप म्हणजे काय ते इसरलो हुतो. एका सकाळी स्टोव्हवर बर्फ वितळवत बसलो हुतो चहाला. उजवा हात आपोआप नाचायला लागला. मी त्याच्याकडं बघायलोय, हसायलोय, हे काय चाललंय म्हून. पुढचं माहीत न्हाई. जाग आली तर तोंडात रक्त, जीभ चावलेली, पँट वली. आष्टीचा बद्रीनाथ माझं डोकं मांडीवर घेऊन बसला हुता आन् रडत हुता. मला वाटलं त्यालाच काहीतरी झालंय.

दवाखान्यात डाक्टर इचारायचा, घरात कुणाला हाय का? न्हाई. आमच्या आबाला न्हाई, आईला न्हाई, तुझ्या बापाला, सुंदररावला न्हाई. खरं तेच सांगितलं. तरी त्यानं काय लिहायचं ते लिहिलं.

फिट परत दोनदा आली. मग वरून लेखी आलं की ह्याच्या हातात हत्यार द्यायचं न्हाई. माझी रायफल माझ्यासमोर दुसऱ्याच्या नावावर केली. शेवटचे महिने मला ब्लँकेटं मोजायला बसवलं. फिटीपेक्षा ते लागलं.

हे सगळं तुझ्या काकूला बी ठाऊक न्हाई. तुला कावून लिहिलं कुणास ठाऊक. पत्रात माणूस लई बोलतो.

पोळ्याला ये. पण गावात ह्यातलं एक अक्षर काढू नको. दिंद्रुडचे पोळ्यानंतरच्या रविवारी बैठकीला येणार हायत.

तुझा काका


छत्रपती संभाजीनगर
१८ सप्टेंबर २०२३

प्रिय काका,

घरी पोहोचले. पोळा काय भारी झाला! आपल्या बैलांच्या शिंगांना मी स्वतः रंग दिला हे मी कॉलेजच्या सगळ्यांना सांगितलं.

आता एक सरप्राईज. तुम्ही दुपारी झोपलात तेव्हा मी आपल्या केससाठी एक जबरदस्त काम केलं. सरकार म्हणतंय आजार आधीपासूनच होता. मग आधीपासून तुम्हाला ओळखणारी माणसं कोण? तुमच्या वर्गातले! मी स्टॅम्प पेपर घेऊनच आले होते. आधी फाट्यावर मुंजाजी काकांच्या हॉटेलात गेले, मग पारावर. चौघांच्या सह्या मिळाल्या, एकाचा अंगठा. 'आम्ही रामेश्वर यांना लहानपणापासून ओळखतो, भरतीपूर्वी त्यांना कधीही फिट आलेली आम्ही पाहिली नाही.' परफेक्ट ना?

आणि घाबरू नका, मी तुमचा शब्द पाळला. तुम्हाला फिट्स येतात असं मी एकदाही म्हणाले नाही. मी फक्त एवढंच विचारलं की शाळेत असताना कधी आली होती का. वकिली प्रश्न! मुंजाजी काकांनी हातातली किटली खाली ठेवली, मग म्हणाले, 'कुणाला? आमच्या राम्याला? फिट?' मी म्हटलं, मी काही सांगू शकत नाही, कॉन्फिडेन्शियल आहे. मग त्यांनी लगेच सही केली. चहाचे पैसेपण घेतले नाहीत. तुमच्याबद्दल गावात किती प्रेम आहे! सगळे एकेक करून येऊन विचारत होते की कसला कागद आहे.

रविवारची बैठक कशी झाली? धनश्री फोन उचलत नाहीये. लाजत असेल!

तुमची,
सायली


चकलांबा
३ ऑक्टोबर २०२३

सायलीताई,

फोन मुद्दाम उचलला नाही. उचलला असता तर मी काय काय बोलले असते ते मलाच माहीत नाही. पत्रात मला शिव्या लिहिता येत नाहीत, म्हणून पत्र.

बैठक झाली नाही. तू पारावर गेलीस त्याच दिवशी, बैलं घरी यायच्या आधी, गावभर झालं होतं. तुला काय वाटलं? एका वकील पोरीनं येऊन पारावर विचारायचं की रामेश्वरला शाळेत फेफरं यायचं का, आणि लोकांनी त्याचा अर्थ काढायचा नाही? छबुबाई तर दारात उभी राहून आईला म्हणाली, 'बारा वर्षं भिंतीला भिंत लागून हाय, आमाला परकं केलंस.' शनिवारी दिंद्रुडहून निरोप आला, सध्या थांबू.

आण्णा तेव्हापासून घराबाहेर पडलेले नाहीत. रानातसुद्धा नाही. परवा मी म्हटलं, चला विहिरीपर्यंत जाऊ. चपला घालून उंबऱ्यात उभे राहिले आणि मला विचारलं, 'धने, आता कसं चालू?'

ते परत आत गेले.

तुझ्या पत्रातलं 'किती प्रेम आहे' ते त्यांनी दोनदा वाचलं. रागावले नाहीत. म्हणाले, 'तिला न्हाई कळायचं, ती शहरात वाढली.' मला राग त्याचाच आला. तुला कळायला पाहिजे होतं.

फाईल मीच दाखवली होती, त्यामुळे मी पण कुणाला काय बोलू.

धनश्री


छत्रपती संभाजीनगर
१० ऑक्टोबर २०२३

काका,

धनश्रीचं पत्र मिळालं.

मी यायला निघाले होते. बसस्टँडवर तासभर बसले आणि परत आले. गावात उतरल्यावर मुंजाजी काकांच्या हॉटेलासमोरून चालत यायचं, हे मला जमलं नाही. आणि मी तुम्हाला लिहीत होते की लाजू नका.

तुम्हाला अजून एक सांगायला हवं. त्या सह्यांचे कागद मी मॅडमना दाखवले. त्यांनी वाचले आणि बाजूला ठेवले. म्हणाल्या, कोणी सांगितलं होतं? याची काही गरज नव्हती, भरतीचा कागद पुरतो. म्हणजे मी जे केलं ते कशासाठीच नव्हतं. मला शाबासकी हवी होती, एवढंच.

तुम्ही म्हणालात तर अपील दाखलच करत नाही. वकालतनामा फाडून टाकते. तुम्ही म्हणाल तसं.

पप्पांना मी सगळं सांगितलं. ते टीव्हीचा आवाज वाढवून बसले. मला वाटतं त्यांनाही लाज वाटते, पण कशाची ते मला समजत नाही. भाऊ आजारी आहे याची, की इतकी वर्षं तेही 'गुडघा' म्हणत आले याची.

एक ओळ तरी लिहा. शिवी लिहिली तरी चालेल.

सायली


चकलांबा
७ जानेवारी २०२४

चि. सायलीस आशीर्वाद.

तुझी पत्रं मिळाली, दिवाळीच्या आधीचं आन् त्याच्या नंतरचं बी. उत्तर दिलं न्हाई. हात चालत नव्हता.

आता एक झालेलं सांगतो. दत्तजयंतीचा सप्ता बसला हुता. काल्याच्या दिवशी सगळं गाव पंगतीला. तुझी काकू म्हणली, देवाच्या जेवणाला न्हाई गेलं तर लोक काय म्हणतील. मी म्हणलं, लोक म्हणायचं ते म्हणून बसलेत. तरी गेलो.

दरसाल पंगत बसती तवा माझ्यासाठी शाळेतली खुर्ची येती. मुंजाजीच आणतो, डोक्यावर घेऊन. सगळे खाली मांडी घालून, मी कडंला खुर्चीत, आन् वाढपी आधी माझ्याकडं यायचा. ह्या साली खुर्ची न्हाई. मी पत्रावळ हातात धरून उभा. लंगडत आलो का नीट आलो ते बी मला आठवत न्हाई, बघ. सगळी पंगत बसली, मी उभा. मुंजाजीच्या हातात भाताची पाटी हुती. तो मोठ्यानं म्हणला, 'राम्या, मांडी घाल बे.'

मी खाली बसलो. उजवा पाय घेतला, डावा त्याच्यावर घातला. गुडघा सरळ मुडला. आवाज सुदिक आला न्हाई. शेदोनशे माणूस बघतंय. छबुबाई बायकांच्या पंगतीतून वरडली, 'अगं बया, देवाच्या दारात फौजीचा पाय बरा झाला की!' सगळी पंगत हसली. पोरं हसली, महाराज हसले. मी मान खाली घालून भात कालवला. काय खाल्लं ते माहीत न्हाई.

बारा वर्षं मी भ्यालो ते फिटीला. लोकांना कळलं तर काय, म्हून. आन् कळल्यावर त्याचं कुणी काईच म्हणलं न्हाई. त्यांना लागलं ते लंगडण्याचं. जेवण झाल्यावर मुंजाजी हात धुवायला माझ्याशेजारी आला. म्हणला, 'माझ्या पोरानं बारा वर्षं तुझ्या खताच्या गोण्या वाहिल्या. त्याला मणक्याचा त्रास हाय. तुला लाज न्हाई वाटली?' मी म्हणलं, वाटत हुती. तो म्हणला, 'मग दिसली कशी न्हाई आमाला?' सायले, तुला वाटतं चूक तुझी. तू नुसतं झाकण काढलंस. आत काय ठेवलं हुतं ते माझं.

आता नीट चालतो. पर कंबर दुखती. वाकडं चालायची सवय लागली हाडाला.

हरिबाचा निरोप आलाय. पोरगंच आडून बसलंय म्हणे, दुसरी पोरगी बघायला तयार न्हाई. हरिबा म्हणले, 'माणूस वाईट न्हाई. पर हे रक्तातलं न्हाई असं कुठं लिहून हाय का? तसा सरकारी कागद दाखवा, लगीन लावू.'

म्हून वकालतनामा फाडू नको. अपील लाव. माझं एक वाक्य आन.

तुझा काका,
रामेश्वर


छत्रपती संभाजीनगर
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय काका,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. आधीच्या तिन्हींची सुरुवात 'जिंकलो' अशी होती.

आपण जिंकलो. ऑर्डर सोबत जोडली आहे. ट्रिब्युनलने बोर्डाचं मत खोडून काढलं, डिसेबिलिटी पेन्शन द्या असं सांगितलं. मॅडमनी ऑफिसमध्ये पेढे वाटले. मी खाल्ला नाही.

तुम्हाला दुसऱ्या कोणी वाचून सांगण्याआधी मीच सांगते. बोर्डाने म्हटलं होतं, सर्व्हिसमुळे झालेला नाही आणि वाढलेलाही नाही. यातलं एक जरी खोटं ठरलं तरी पेन्शन मिळते. ट्रिब्युनलने दुसरं खोटं ठरवलं. ऑर्डरमध्ये लिहिलंय, बर्फातल्या पोस्टवरच्या ताणामुळे आणि जागरणामुळे आजार वाढला. वाढला, काका. तो झाला कशामुळे, यात जायची गरज नाही, असं लिहून त्यांनी तो प्रश्न तिथेच सोडला.

आणि हे माझ्यामुळे झालं. अर्जाचा मसुदा मी टाईप केला होता. 'सर्व्हिसमुळे झाला' एवढंच लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, सेफ राहायला 'किंवा वाढला' टाक, कुठल्याही वाटेने जिंकू. मी टाकलं. ते टाकताना मला तुमचं पहिलं पत्र आठवलं नाही. केस जिंकायची एवढंच डोक्यात होतं. तुम्ही माझ्याकडे एकच वाक्य मागितलं होतं आणि मी दुसरंच घेऊन आले.

याच्यावर वर जाता येतं का ते मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, जिंकलेला माणूस अपील करत नाही.

दिंद्रुडला हा कागद दाखवायचा की नाही, ते मला सांगता येत नाही. मी आता कोणालाच काही सांगायच्या लायकीची नाही असं वाटतं.

सायली


चकलांबा
१५ डिसेंबर २०२४

चि. सायलीस आशीर्वाद.

कागद मिळाला. 'वाढला' ह्याला इंग्रजीत काय म्हणत्यात ते मला आधीपसून ठाऊक हाय. नकाराच्या पत्रात तोच शब्द हुता, बारा वर्षं तो वाचून पाठ झालाय. तुझं पत्र वाचायच्या आधी मी तो ऑर्डरीत हुडकला.

आज दिंद्रुडला गेलतो. एकटाच. तुझं पत्र नेलं न्हाई, नुसती ऑर्डर नेली. खरं सांगतो, मनात चोर हुता. इंग्रजी हाय, शिक्का हाय, कोण वाचतंय नीट, असं वाटलं.

हरिबानं बाजेवर बसवलं, पाणी दिलं. कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आन् पोराला हाक मारली. 'हनुमंता, वाच रे, काय म्हणतंय सरकार.' पोरगं आलं. उभ्या-उभ्या वाचायला लागलं. मी त्याच्या डोळ्याकडं बघत हुतो. एका जागी थांबलं. परत वर गेलं, परत तिथंच आलं. मग माझ्याकडं बघितलं. कानापर्यंत लाल झालं पोरगं. आन् बापाला म्हणलं, 'लिहिलंय, नोकरीमुळं झालंय. रक्ताचा काई संबंध न्हाई.'

हरिबाचं तोंड खुललं. आत वरडून सांगितलं, चहात साखर जादा टाका. माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणले, 'हे आधी आणलं असतं तर वर्ष-सव्वा वर्ष वाया गेलं नसतं, फौजी.'

सायले, मी गप बसलो असतो तर झालं हुतं. धनीचं लगीन झालं असतं. चहा आला. कप हातात घेतला, मांडी घातलेलीच हुती. आन् मला पंगत आठवली. मी म्हणलं, 'हरिबा, तसं न्हाई लिहिलेलं. नोकरीनं वाढलं असं लिहिलंय. झालं कशानं, ते त्यांनी सोडून दिलंय.'

मग हरिबा पोराकडं वळले. 'मास्तर, शाळेत पोरांना असंच वाचून दाखवता व्हय?' पोरगं पायाकडं बघत उभं. मग मला म्हणले, 'मग तुमाला काय वाटतं, रक्तात हाय का?' मी म्हणलं, मला ठाऊक न्हाई. आमच्यात आधी कुणाला नव्हतं. पुढचं कुणी सांगू शकत न्हाई. आन् माझा गुडघा पयल्यापसून चांगला हाय, ते बी सांगून टाकलं, त्यांनी इचारलं नसताना.

निघताना हरिबा म्हणले, 'कळवतो.' कळवतो म्हंजे काय ते तुला सांगायला नगं.

घरी येऊन सगळं सांगितलं. तुझ्या काकूनं कपाळावर हात मारला. 'गप बसला असतात तर काय जीभ झडली असती?' म्हणली, आन् पदर तोंडाला लावून चुलीपाशी गेली. मला तिच्याकडं बघवलं न्हाई. पोरीकडं तर न्हाईच.

धनी भाकरी करत हुती. तिनं तवा खाली उतरवला आन् माझ्यासमोर येऊन बसली. बाकी काई इचारलं न्हाई. म्हणली, 'आण्णा, त्यानं खोटं वाचलं तवा त्याचं तोंड कसं झालं हुतं?'

मी म्हणलं, 'लई लाजलं हुतं पोरगं. कानापर्यंत लाल.'

'बघत हुता का तुमच्याकडं?'

'न्हाई. खाली मान घातली हुती.'

मग म्हणली, 'लाजला हुता ना? मग ठीक हाय. न लाजता वाचलं असतं तर मीच नगं म्हणले असते.'

पीठ लागलेले हात धुतले, कोनाड्यातला मोबाईल घेतला आन् माळवदावर गेली. त्या पोराचा नंबर तिच्याकडं कुठून आला ते मी इचारलं न्हाई.

तुला तोंड दाखवायची लाज वाटती, ते तुझ्या पत्रात दिसतं. वाटू दे थोडी. माझी बी गेली न्हाई. पर संक्रांतीला ये, आन् फाट्यावर उतरून मुंजाजीच्या हाटेलात आधी चहा पी, मग घरी ये. तो तुला बोलंल. ऐकून घे. मी बी ऐकतो रोज.

हे सगळं लिहून झालं, तरी धनी अजून खाली आली न्हाई. तुझ्या काकूनं दोनदा हाक मारली. आता जिन्याच्या खाली उभी हाय, वर काय चाललंय ते ऐकायला. मी तिला आत बोलवतो.

तुझा काका,
रामेश्वर